कोळशाची पोती आणि चपलांचा आरसा

५ जानेवारी
कॅलेंडर ८७चंच. डिसेंबर संपला की पुन्हा पहिलं पान. साल कोणतं, हे विचारणं सगळ्यांनीच सोडलंय.
सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, पाठ चोळून दिली. हाताला नुसत्या बरगड्या.  महिनाअखेर वजन. पोत्याला पुरल्या नाहीत तर? उगाच जोरात चोळत राहिले. "चामडं काढतं का वं माह्यं?" म्हणाल्या.

७ जाने.
झोप नाही. लक्ष्मी आठवते.
वजनाचा हा कायदा मल्लय्यामामाचा. पूर्वी तो इथे गोदामात काटा धरायचा, आता सगळ्यांचा मुखत्यार. सुकीच्या रोगात माणूस आधी वाळतं, मग खोकतं, मग त्याच्याजवळचे वाळायला लागतात. हे खाणीचं गाव, बेल्लमपल्ली, असंच रिकामं झालं. उरलेले आम्ही खाणकामगारांच्या या सुपर बाजारात शिरलो आणि शटर ओढलं. त्या दिवशीच मामाने एकेकाला मोठ्या काट्याच्या पारड्यात बसवलं, ज्याच्या त्याच्या वजनाइतका कोळसा पोत्यात भरून शिवला. दुकानात महिनाअखेर स्टॉक मोजायचे, तीच रीत माणसांना लागली. पोतं खाली आणि माणूस वर गेला, की सुकी. मग शटरबाहेर.
खायला निम्मं घालायचं आणि वजन मात्र जुनंच मागायचं! कोणी बोलत नाही. मीही नाही.
कापडवाल्यांची लक्ष्मी डिसेंबरात वर गेली. बाहेरून शटर वाजवत होती, "अक्का, अक्का" करत. आम्ही आत ज्वारी निवडत बसलो. मग वाजायचं थांबलं. गेलेल्याचं पोतं सामाईक चुलीत जाळायचं, तसं तिचंही जाळलं. त्यावर शिजलेली कण्यांची पेज मी प्यायले. चव नेहमीसारखीच होती, त्याचंच भय वाटतं.

१० जाने.
माझ्यातली अर्धी भाकर आत्याबाईंच्या ताटलीत सरकवली. त्यांनी परत सरकवली. मी पुन्हा. "भाकर आहे का चेंडू?" म्हणाल्या. शेवटी मी डोळे वटारले तेव्हा खाल्ली.
रोज असंच करायचं.

११ जाने.
पाण्याच्या रांगेत भांडीवाल्यांनी आमची घागर मागे सारली. जो ज्या काउंटरला राहिला तो त्या जातीचा झालाय. कापडवाले, भांडीवाले, किराणावाले. आम्ही चपलावाले, सगळ्यांत शेवटी. वांकिडीच्या शाळेत मी मुलांना तळमळीने सांगायचे की जात माणसाने केलीय. इथे ती होताना डोळ्यांनी पाहिली. आत्याबाईंना हसू आवरेना. "बाप्पा! अख्खी दुनिया बुडाली, अन् हे तेवढं तरंगलं."
केस विंचरायला आरसा नाही. आमच्या काउंटरचा आहे तो जमिनीला टेकलेला, तिरका, पायातल्या चपला पाहायचा. त्यात माझी पावलं तेवढी दिसतात. तोंड पाहायला भांडीवाल्यांची परात मागावी लागते. नको बाई.

१४ जाने.
संक्रांत. तीळ नाही, गूळ नाही. पोलकं खांद्यावरून घसरतंय. धुऊन धुऊन कापड सैल पडलं. टाका घालायला हवा.
हे असते तर. उटनूरकडे माणसं आहेत का पाहून येतो म्हणाले, तेव्हापासून पत्ता नाही. आईला सांभाळ, एवढंच म्हणाले होते.

१७ जाने.
आजपासून महिनाअखेरपर्यंत चुलीची पाळी आमची. कोळसा आणायला गोदामात गेले. सगळ्यांची पोती भिंतीशी ओळीत. प्रत्येकाला खूण बांधलेली. आत्याबाईंच्या पोत्याला लहान मुलाचं सॅंडल, माझ्याला कोल्हापुरी.
सॅंडलवाल्या पोत्याकडे पाहत उभी राहिले. माणूस जड होत नसेल तर पोतं
नको. लिहूही नये.

१८ जाने.
केलं. सुतळी उसवली, चार-दोन ढेकळं काढली, पुन्हा शिवलं. टोपलीत इतर कोळशाखाली घातली आणि चुलीत जाळली. सुई दोनदा बोटात गेली.
मल्लय्यामामा चुलीशी आला. म्हणाला, "आज आग बहोत तेज है, अम्मा." मी म्हटलं, हवा आहे. हवा कुठून येणार? शटर बंद. तो बराच वेळ उभा होता.

२० जाने.
आज आत्याबाई हट्टाला पेटल्या. कोळसा मीच आणणार! गुडघे धड वाकत नाहीत, आणि टोपली घेऊन निघाल्या.
"तुमी काऊन जाता? बसा ना गुमान."
"काऊन? मी काय फुकटची खातो?"
बराच वेळ आल्या नाहीत. मी घाबरून गोदामाच्या दारापर्यंत गेले, तर येतच होत्या, धापा टाकत. माझ्यावरच खेकसल्या.

२३ जाने.
धुराने खोकला लागलाय. तोंडात पदर कोंबून खोकते, उगाच कोणाच्या मनात यायला नको.
आत्याबाई बघत होत्या. मी म्हटलं धूर आहे. "हाव, धूरच आहे," म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

२६ जाने.
झेंडावंदनाची आठवण. शाळेत या दिवशी बुंदीचे लाडू. मी मनातल्या मनात एक खाल्ला, आत्याबाईंना दोन दिले.
आज आणखी दोन ढेकळं काढली. आता पुरे. जास्त केलं तर पोतं लोळेल, मामाला कळेल. जुना हमाल तो, त्याची नजर पोत्यावरच जाते.
अर्धी भाकर अजून रोज त्यांना देते. माझी भूकच मेलीय.

२९ जाने.
शेवटची नजर टाकायला गोदामात गेले. सॅंडलचं पोतं ठीक. निघणार, तेवढ्यात कोल्हापुरीवाल्या पोत्याकडे लक्ष गेलं. माझ्या. त्याची शिवण वेगळी. मामा साधी टाचतो. ही तिरपी, दुहेरी, गोधडीची शिवण. असा टाका इथे एकच बाई घालते.
हात लावला. पोतं पोकळ. मी त्यांच्यातून काढलं त्याच्या दुपटीने गेलंय.
बाहेर येऊन त्यांचे हात धरले. नखांत काळं.
"आत्याबाई, माह्या पोत्याला काऊन हात लावला?"
त्या म्हणाल्या, "तू माह्या बरगड्या मोजून राह्यली. सोताकडं पाह्यलं का कदी?"
"मले काय झालं?"
"पाह्य ना मंग."
कुठे पाहू? चपलांच्या आरशासमोर उताणी पडले, मान वर करून. इतके दिवस त्यात पावलंच पाहिली.
माझी आई सुकीने गेली; शेवटच्या आठवड्यात तिचा चेहरा असा होता.

३० जाने.
 पोलकं सैल नव्हतं झालं. धूर नव्हता.
उपाशी राहून वाळले असेन. अर्धी भाकर देत होते, वाळणारच. पण खोकला?
आणि सुकी असेल तर? तर मी माझ्या ताटलीतली, माझ्या हाताची अर्धी भाकर रोज त्यांना चारली. आईला सांभाळ म्हणाले होते ते.
आत्याबाईंना म्हटलं, मी आपणच बाहेर जाते, काट्यावर बसत नाही. तुम्ही राहाल.
"जाय. मी मागून येतो," म्हणाल्या. "शटर काय दोनदा उघडाले लावतं त्यायले?"
मी रागावले, रडले. जवळ येऊ नका म्हटलं. त्या सरकून आणखी जवळ बसल्या आणि माझ्या पोलक्याला टाका घालायला लागल्या. ढिलं दिसू नये म्हणून.

३१ जाने.
सकाळ. राखेने हात घासले, आधी त्यांचे, मग माझे. नखांतलं काळं जात नाही. त्यांनी हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. मीही म्हटलं, खोकला आला तिथे थांबले, त्या माझ्यासाठी थांबल्या.
गोदामात साखळीचा आवाज. कापडवाल्यांची, भांडीवाल्यांची वजनं झाली, सगळे पुरले. आता किराणावाले. मग आम्ही. मल्लय्यामामाने आमची दोन्ही पोती ओळीतून पुढे ओढून ठेवलीत. एकात बोट खुपसून पाहत होता. मग मान वर करून इकडे पाहिलं.  कळलं असेल, तर बोलला का नाही?
 पोतं पुरलं तरी भीती, नाही पुरलं तरी भीती. पुरलं तर आत राहून मी कोणाकोणाला
आत्याबाई म्हणतात, आधी मी बसते. मी म्हणते, मी. अजून ठरलं नाही.
माझा डावा हात त्यांनी घट्ट धरून ठेवलाय, सोडा म्हटलं तरी सोडत नाहीत. उजव्याने लिहितेय.
हाक आली. चपलावाले