चार अंगठ्यांच्या विटा

प्रिय धाकटे,

हात नातीचा आहे, तोंड माझं. तिचं अक्षर सुंदर आहे असं तीच सांगते. मला काय, मुंग्यांची रांगही तशीच दिसते. मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं, मधे शहाणपणा घालायचा नाही, असं तिला बजावलंय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर घराचा विषय निघाला की तू ठेवून देतेस. पत्रही ठेवून देशील, पण ते पुन्हा उचलता येतं.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे माझ्याआधी म्हातारे झाले. तुझा नवरा, आपला पट्टीवाला, अजून खिशात पट्टी घेऊन हिंडतो, असं तुझी लेक सांगत होती. हिंडू दे. मोजायला काहीतरी लागतंच माणसाला.

परवा शाळेतल्या बाई आल्या होत्या. गावाला सत्तर वर्षं झाली म्हणून जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करतायत. मी म्हटलं, जुनं माणूस एकच उरलंय, आणि ते खुर्चीतून उठत नाही, तेव्हा सावकाश विचारा. मग सांगितलं सगळं. नदीकाठी सात तंबू होते, आठवा आपला. मी चार वर्षांची, विटांच्या साच्यांवर बसून गाडीतून आले. लोक घरं बांधायला आले होते आणि वीट कुणाकडेच नव्हती; बाबांकडे साचे होते आणि घर नव्हतं. त्या हिवाळ्यात तू झालीस. गावात जन्मलेलं पहिलं मूल, म्हणून सातही तंबूंतल्या बायका तुला बघायला आल्या आणि प्रत्येकीनं तुझं नाक चपटं असल्याचं सांगितलं. हेही मी बाईंना लिहून घ्यायला लावलं.

अंगठ्यांचंही सांगितलं. ओल्या विटेवर ज्यानं-त्यानं आपली खूण दाबायची, म्हणजे कुणाची वीट तडकली ते भट्टीतून काढताना कळतं. बाबांचा एक अंगठा, आईचे दोन, माझे तीन, तुझे चार. तुझे चार कधीच एका रेषेत आले नाहीत. शाळा उभी राहिली तेव्हा बाबा म्हणाले, एकीलाच पाठवीन, चिखल तुडवायला एक लागेल. माझे पाय मोठे होते, म्हणून तू गेलीस. त्या शाळेच्या भिंतींत विटा माझ्या जास्त आणि आत बसलेली तू. राग नव्हता गं. म्हणजे होता, पण दुपारपर्यंत टिकायचा. तू घरी येऊन वाळूत अक्षरं काढायचीस आणि मी त्यांच्यावरून मुद्दाम चालत जायची. त्याबद्दल माफी मागत नाही. तू झोपेत मला लाथा मारायचीस, त्यात फिटलं.

आता ते सांगते, जे आपण दोघीही टाळतो. पुलाचं काम संपलं, पुलाचे नकाशे काढणारा तुझा पट्टीवाला निघाला, आणि तूही निघालीस. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "गेलीस तर गेलीस." एवढंच. पोस्टाच्या नव्या इमारतीसाठी तुझ्या हजारभर विटा भाजून तयार होत्या. गाडीवाला भरायला आला तर बाबा म्हणाले, "त्या राशीला हात लावायचा नाही." महिन्यानं आईला आणि मला आठ दिवस मावशीकडे धाडलं. परत आलो तर तुझी रास गायब, आणि दारापुढचा रस्ता विटांच्या खडीनं लालभडक. माझीही रास कमी दिसली, पण विकली असेल म्हटलं. तुझ्या विटा कुठायत विचारलं, तर बाबांनी हनुवटीनं रस्ता दाखवला. मी जवळ जाऊन बघितलंही नाही. बघवलं नसतं. सरळ पोस्टातल्या कारकुनापुढे बसले आणि तुला लिहून टाकलं: बाबांनी तुझ्या विटा फोडून रस्त्यात घातल्या. तुझं उत्तर एका ओळीचं आलं. "तर मग त्या रस्त्यावर मी पाय ठेवणार नाही." कारकुनानं ते दोनदा वाचलं, मी न सांगता.

एकावन्न वर्षं झाली. आईच्या वेळी आली नाहीस, बाबांच्याही नाही. तुझा शब्द म्हणजे बाबांचीच भट्टी, एकदा पेटली की विझायला तयार नाही.

त्याच आठ दिवसांत बाबांनी घरात आणखी एक काम केलं होतं. त्यांच्या खोलीची आतली भिंत एकट्यानं बांधली, गवंड्याला हात लावू न देता, आणि वर गिलावाही केला. विटा पाडणाऱ्याला भिंत थोडीच येते? मधेच पोट सुटलं तिला. येणारा-जाणारा हसायचा, आई तर तिला "आपली गरोदर भिंत" म्हणायची. बाबा मात्र खाट तिच्याशी लावून, पाठ टेकून झोपायचे, शेवटपर्यंत. उन्हाळ्यातसुद्धा. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला भट्टीच्या उबेची सवय.

मला वळसा न घालता मोरीत जाता यावं म्हणून मुलानं मंगळवारी ती भिंत पाडायला घेतली. वरचे दोन थर निघाले तसा गवंडी म्हणाला, "आजी, या विटांना खड्डे का हो?" मला वाचता येत नाही, पण हे येतं. मी हात फिरवला. चार. दुसरीवर चार. तिसरीवर चार, वाकडेतिकडे. सगळी भिंत तुझी आहे, धाकटे. मग मागच्या वर्षी नळासाठी रस्ता खणला तेव्हा निघालेली अर्धी वीट आठवली. अंगणात कुंडीखाली ठेवली होती. काढून बघितली, तीन अंगठे. म्हणजे फोडल्या त्या माझ्या. राहिलेलीला रस्त्यात घातलं आणि गेलेलीला उशाशी घेतलं, असे आपले बाबा. आणि मी तुला खोटं कळवलं, खरं समजून. तेवढ्याची मात्र माफी मागते. गवंड्याला परत पाठवलंय. मुलाला म्हटलं, मला वळसाच आवडतो. तू येऊन हात लावेपर्यंत ती भिंत उभी राहील. पट्टीवाल्यालाही आण, ती किती वाकडी आहे ते मोजून सांगेल. रस्त्याची काळजी करू नकोस. त्यात तुझी एकही वीट नाही. पाय ठेवलास तर माझ्यावरच ठेवशील, आणि मला लाथांची सवय आहे.

खाली सही माझी मीच केली आहे, शाई लावून, तीन वेळा.

तुझीच,
थोरली