नीलेशच्या बदल्यात दोघं

४ जाने., रविवार
दुपारी कबड्डीच्या ग्रुपवर भास्करभाऊंचा मेसेज. नीलेश यंदा आपल्या बीबी गावाकडून खेळणार नाही, दुसरबीडच्या संघाला दिला. बदल्यात त्यांचे दोन गडी आपल्याला. खाली हात जोडलेले. बस्स, एवढंच.
ह्यांना दाखवला. जेवता जेवता थांबले. "आपला नीलेश?"
असा चढाई करणारा पोरगा आख्ख्या तालुक्यात नाही. संघ भाऊ चालवतात, मान्य. पण गावाला विचारायचं तरी.

५ जाने., सोम.
ते दोघं कोण ते कळलं. एक मधुकर. चाळिशीला टेकलेला, बचावात खेळतो. दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, यंदा मैदानात उतरणारच नाही म्हणे. हा काय सौदा झाला!
दुकानात ब्लाउज टाकायला आलेल्या बायांच्या तोंडी पण हेच. शोभा म्हणाली, "काहीतरी शिजून राह्यलं ताई. भास्करभाऊ येडे नाहीत."
येडे नाहीत, तेच तर.

८ जाने., गुरु.
शोभानेच बातमी आणली. भाऊंच्या पिंकीची सोयरीक जुळतेय. स्थळ दुसरबीडचं. मुलगा कोण? तिथल्या संघाच्या मॅनेजरचा पुतण्या!
आता उलगडलं. पोरगी द्यायची तिथे, म्हणून आहेर आधीच पोचवला.
हे म्हणाले, "उगा काहीले काही जोडू नको. सोयरिकीचं दिवाळीपासून चालू हाये."
मग तर जास्तच. दिवाळीपासून भाऊ गप्प काऊन?

१० जाने., शनि.
भाऊ स्वतः दुकानात. मधुकरची जर्सी शिवायची, मोठं माप. दरवर्षी संघाच्या जर्स्या मीच शिवते. आज टेप हातात घेतली नाही.
"भाऊ, खरं सांगा. सोयरिकीपायी दिला न पोरगा?"
चेहरा उतरला त्यांचा. स्टुलावर बसले. म्हणाले, "वहिनी, नीलेशनंच म्हटलं मले, जाऊ द्या म्हणून. काऊन, ते त्यालेच इचारा."
चहा न घेता गेले. बोलताना नजर चुकवली नाही. पण भाऊ ग्रामपंचायतीला मतं मागतानाही नजर चुकवत नाहीत.
जर्सी शिवली शेवटी. बिचाऱ्या मधुकरचा काय दोष. पण बटणपट्टी दोनदा उसवावी लागली, लक्षच नव्हतं.

१४ जाने., बुध. संक्रांत
तिळगूळ घेऊन नीलेशच्या घरी. शाळेत असल्यापासून पाहतेय ह्या पोराला. अंगणात गाडी पुसत होता. सरळच विचारलं.
"मी काऊन म्हणू, काकू? भाऊंनीच सांगितलं मले, तुले तिकडे खेळा लागते म्हणून."
"ते तर म्हणतात तूच..."
एवढ्यात आतून त्याची आई, "नील्या, गप बस." मग बाहेर येऊन माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, हसून. त्या बाईला त्याच्यावर असं खेकसताना मी कधी ऐकलं नव्हतं.
भाऊ एक सांगतात, हा एक. कोणीतरी खोटं बोलून राह्यलं. का दोघंही?

१८ जाने., रवि.
सुलतानपूरच्या मैदानावर मॅच. आपण नि दुसरबीड. नीलेश पलीकडच्या रंगात. पाहवेना. आपल्याच बाया "आला फितूर" म्हणून ओरडल्या. त्याने मान वर केली नाही.
मधुकर खरंच चांगला खेळला. लिहायलाच पाहिजे.
शेवटची चढाई. एका गुणाने आपण पुढे. नीलेश आत आला, मधुकरने घोटा धरला, वर बाकीचे पडले. नीलेश सरपटत मधल्या रेघेपर्यंत आला. रेघ वीतभर राहिली. तिला हात लागला असता तर मॅच त्यांची.
हात पुढे आला. आणि थांबला. कोपर वाकलेलंच. मग शिट्टी.
आपले लोक नाचायला लागले. भाऊंना खांद्यावर घेतलं. परवापर्यंत शिव्या देणारेच.
हे म्हणाले, "दम संपला असन त्याचा."
त्या पोराचा दम? मी बायांच्या बाजूला, रेघेच्या अगदी समोर होते. बाकी कोणी पाहिलं की नाही माहीत नाही.

१९ जाने., सोम.
सकाळी नीलेशला फोन लावला. उचलल्याबरोबर, "जितलो न काकू आपण!"
आपण.
लगेच सावरलं, "म्हणजे, तुम्ही."
"हात काऊन थांबला रे?"
मग, "मधुकरदादाची पकडच तशी होती." फोन ठेवला.
शोभा सांगत होती, दुसरबीडवाले त्याच्याशी बोलून नाही राह्यले. आणि पिंकीचा साखरपुडा ठरला. पोरगा मनानं तिकडचा झालाच नाही, का भाऊंनी हरायलाच धाडला होता?
संध्याकाळी भाऊंकडून पेढे. ह्यांनी दोनदा विचारलं, "उघडू का?"
सध्या ठेवा म्हटलं.