टपावरून ऐकलेलं

प्रिय भिंगरी,

लहानपणापासून तुला याच नावाने हाक मारत आलो, त्यामुळे तू कागदोपत्री नवं नाव घेतलंस तेव्हा माझी निम्मी अडचण आपोआप मिटली. तुझी आई मात्र अजून कधीतरी मुलाचं जुनं नाव घेते आणि मग स्वतःवरच चिडून भांडी आपटते. तिचे गुडघे बरे आहेत, वर्कशॉप चालू आहे, मी धडधाकट आहे. ही झाली खुशाली. पुढचं लिहायला हात धजत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

पालिकेच्या इमारतीतल्या लिफ्टची दुरुस्ती माझ्याकडेच असते, तुला माहीत आहे. हल्ली ती वरच्या मजल्यांकडे जाताना कुरकुरायला लागली होती. रिकामी असली की गप्प, माणसं चढली की कण्हणार. असला आवाज पकडायचा तर माणसांनी भरलेल्या लिफ्टच्या टपावर बसून जावं लागतं. हे नियमात बसत नाही. माझ्या कारागिरांपैकी कोणी असं केलं तर त्याला मी त्याच दिवशी घरी बसवीन. पण शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाला या दोन कानांनीच वर आणलं, त्यांचा मला थोडा माज आहे. बसलो टपावर. लिफ्टचं दार लागलं की माणसाला वाटतं, आपण जगातून वजा झालो. एक बाई आपल्या साहेबाची हुबेहूब नक्कल करत होती. एक कारकून रजेसाठी सासऱ्याला आजारी पाडायची तालीम करत होता. मी वर तोंड दाबून हसत होतो.

मग दोघे चढले. महिनाअखेरीला तिथे सुनावणी आहे. तुझ्यासारख्या ट्रान्स माणसांसाठी पालिका नियम करू पाहते आहे. दवाखान्यात, निवाऱ्यात, कामावर माणूस स्वतःची जी ओळख सांगेल ती मानायची, तेवढ्यावरून कोणाला घराबाहेर काढायचं नाही, आणि धमकी आली तर डोकं फुटायची वाट न बघता संरक्षण द्यायचं. ज्यांनी मार खाल्ला आहे ते स्वतः येऊन बोलणार आहेत. त्या दोघांतला एक म्हणाला, “पुढच्या दाराशी पत्रकार असतील. त्या लोकांना मागच्या जिन्याने काढा. खाली आमची माणसं उभी करतो. एकदा नीट समजावलं की पुन्हा कोणी माइकसमोर यायचं नाही.” दुसरा ऑफिसातलाच असावा. त्याने एवढंच सांगितलं, की आवारात काही नको, बाहेर काय ते करा. आणि पहिला हसला.

ते हसू नाकातून सुरू होतं आणि खोकल्यात संपतं. तुलाही अंधारात ओळखता येईल. तो आपला रंगवाला काका होता. ज्याने तुझं कपाट तुला हवं तसं पिवळंधमक रंगवून दिलं, तुला खांद्यावर बसवून गल्लीभर मिरवलं, तोच. तो अजून मला विचारतो, पोरगा कसा आहे, आणि मी सांगतो, बाहेरगावी आहे, मजेत आहे.

ते उतरून गेले तरी माझी बोटं दांडीवरून सुटेनात. खाली माणसं चढत होती, उतरत होती, आणि मी वर एखाद्या गाठोड्यासारखा वरखाली होत राहिलो.

तसाच पोलीस ठाण्यात गेलो. अधिकारी सभ्य होता, खुर्ची दिली. म्हणाला, अजून काही घडलेलं नाही, तर लिहू काय? मग सहज विचारलं, “पण तुमचं यात काय?” मी म्हटलं, काही नाही, एक नागरिक म्हणून आलो. त्याने पेनाचं टोपण लावलं. तिथून सुनावणी घेणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाईंना गाठलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. मागचा जिना बंद ठेवते म्हणाल्या, बंदोबस्तही मागते म्हणाल्या. पण विरोधातले लोक रोज सांगतात की कुणाला कसली धमकीच नाही, मग हे संरक्षणाचं कलम हवं कशाला. बाईंचं म्हणणं, तुम्ही कानांनी ऐकलं आहे, ते सर्वांसमोर सांगितलंत तर ते कलम टिकेल, नाहीतर पहिलं तेच गळेल.

तेव्हापासून मला भीती वाटते आहे, भिंगरी. खोटं कशाला लिहू. काल काका वर्कशॉपमध्ये चहाला आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून लिफ्टच्या आवाजाचं काय झालं विचारलं. मी म्हटलं, सापडला. तुझी आई आता भर दुपारीही कडी लावते आणि वाऱ्याने दार हललं तरी माझ्याकडे बघते.

आता पत्र का लिहितो आहे ते. सुनावणीतही मला तोच प्रश्न विचारतील, तुमचं यात काय. खरं उत्तर एकच आहे, माझी मुलगी. पण आम्हाला एकच मूल, हे सगळ्या गावाला माहीत आहे. काकाचा भाचा तुझ्याच शहरात नोकरीला आहे. तुझ्या हॉस्पिटलात तुझं आधीचं कोणाला ठाऊक नाही. तू एक्सरेच्या खोलीत निवांत काम करतेस, आणि माझ्या दोन शब्दांनी ते सगळं उघड्यावर येईल. आई म्हणाली, तिला विचारा, तिचं आयुष्य आहे, तुमची लिफ्ट नव्हे. फोन केला असता तर माझा आवाज ऐकून तू लगेच म्हणाली असतीस, सांगा बाबा, काही होत नाही. तसं मला नको होतं. तू हो म्हणालीस तर काकाकडे बघून सांगेन. नको म्हणालीस तरी मी जाणारच, ऐकलेलं सगळं सांगणार, आणि त्या एका प्रश्नाला गप्प उभा राहणार. लोक हसले तर हसू देत मला. फक्त, नको असेल तर कारण लिहीत बसू नकोस. नुसतं ‘नको’ मला पुरे आहे.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
तुझाच
बाबा