रविवारचा कागद

रत्नागिरी
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. चिमास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असताना वहिनीला पत्राची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. फोन हातात घेतला की समर्थ शेजारी येऊन बसतो, आणि त्याच्याबद्दलचं त्याच्यादेखत माझ्याने बोलवत नाही. वाचता येत नसलं तरी ऐकू त्याला दोन खोल्यांपलीकडचं येतं. चाळिशीला टेकला, पण समज अजून आठ-नऊ वर्षांच्या पोराची. तू त्याची आत्या, तुला निराळं काय सांगायचं!

माझ्या हृदयाची एक झडप आकसली आहे. ऑपरेशन पुण्याला करायचं ठरतंय. तिथे माझा भाचा शुभंकर आहे, तो बघेल माझं. पण त्यानंतर दीड-दोन महिने मी काही कामाची नाही, आणि तुझे दादा गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच. तेव्हा तेवढे दिवस समर्थला तुझ्याकडे ठेवावं म्हणते.

त्याचं सगळं आठवड्यावर चालतं. दर रविवारी संध्याकाळचा चहा झाला की जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून आम्ही जमिनीवर बसतो. मी सात घरं आखते आणि चित्रं काढते. सोमवारी बादली, म्हणजे चादरी-अभ्रे. मंगळवारी टपालपेटी, कोणाला पत्र असो नसो, तो पेटीपर्यंत जाऊन येतो, तेवढंच चालणं. बुधवारी पिशवी. भाजी घासाघीस करून मी घेते, पण पालेभाजी निवडून, धुऊन, पंच्यावर पसरून ठेवणार तोच. गुरुवारी पोटाला आराम, नुसती मुगाची खिचडी. शुक्रवारी झाडू, म्हणजे अंगण. शनिवारी नखं कापायची आणि फडताळ पुसायचं. फिटच्या गोळ्यांचा सात खणांचा डबाही रविवारीच भरायचा. गोळ्या मी घालते, झाकणं तो लावतो. एक गोळी चुकून चालत नाही, एवढं मात्र लक्षात ठेव. असं गेली सोळा वर्षं चालू आहे आणि या नेमानेच पोर निरोगी राहिलं आहे.

ऑपरेशनचं त्याला सांगणार नाही. दोन दिवस आत्याकडे पाहुणा म्हणून जायचं, एवढंच सांगेन. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी असंच केलं होतं आणि कसा शहाण्यासारखा राहिला होता तुझ्याकडे!

हे पत्र उद्या तोच पेटीत टाकेल. रघुनाथरावांना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याला तेल लावतेस की नुसतीच ओरडतेस? माया आहेच, ती या म्हातारीवर आणि तिच्या लेकावर राहू दे.

तुझी,
मालिनीवहिनी

---

वेळणेश्वर
सोमवार, १३ जानेवारी २०२५

ती. स्व. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. इतकं अंगावर काढलंत आणि दिवाळीला आलात तेव्हा चकल्या तळत बसलात! ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले की वहिनींना सांग, समर्थ येऊ दे, त्यात विचारायचं काय.

ते खरंच आहे. पण एक गोष्ट दोन वर्षं माझ्या पोटात आहे, ती आता ओकते. उद्या संक्रांत. गोड बोलायचा सण तोंडावर आणि मी कडू लिहिते आहे, पदरात घ्या.

मोतीबिंदूच्या वेळी समर्थ शहाण्यासारखा राहिला नव्हता. दोन दिवसांचे पाच झाले ना, तर तिसऱ्या दिवसापासून तो सकाळी उठून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचा. प्रत्येक गाडीतून उतरणारी बाई बघायचा. मी गोळी द्यायची, तो पाणी प्यायचा आणि नंतर जास्वंदीच्या मुळाशी गोळ्या थुंकलेल्या सापडल्या. चौथ्या दिवशी पडवीत त्याला फिट आली. ह्यांनी डोकं धरलं, मी नुसती देवाचं नाव घेत उभी. तुमच्या डोळ्याला पट्टी होती म्हणून समर्थला थोडा ताप आला असं तुम्हाला कळवलं. म्हणजे तुम्ही त्याला फसवलंत आणि मी तुम्हाला.

त्याला सांभाळायची मला भीती नाही, वहिनी. फसवायची आहे. थांब्यावर मी त्याच्याशेजारी बसले तेव्हा त्याने मला विचारलं होतं की दोन दिवस म्हणजे किती. तेव्हा तुम्ही खरं सांगून त्याला आणणार असाल तर दार उघडंच आहे. खोटं सांगून आणणार असाल तर माझ्याच्याने होणार नाही.

तिळगूळ पाठवते आहे. त्यात शेंगदाणे जास्त झालेत, नावं ठेवा पण खा. रागावलात तरी आपली म्हणूनच रागवा.

तुमची,
चिमा

---

रत्नागिरी
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. सौ. चिमास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र त्यानेच पोस्टमनकडून घेतलं आणि मी वाचत असताना समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आत्याने तिळगुळाचं लिहिलंय, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

रागावले, हे कबूल करते. दोन वर्षं तू मला हे कळू दिलं नाहीस. मी इथे चारचौघांत अभिमानाने सांगत होते की माझा लेक माझ्याशिवाय राहू शकतो. आणि आता तूच मला अट घालतेस. त्याला आठवड्यापलीकडचं कळत नाही गं. ऑपरेशन, छाती उघडणं, हे ऐकून तो काय धरून बसेल याचा नेम नाही. तुझे दादा गेले तेव्हाही आम्ही त्याला मुंबईला गेलेत असंच सांगितलं. अजून तो मधूनच विचारतो.

तेव्हा ऑपरेशन पुढे ढकलावं असं मनात आहे. आंबा उतरला की बघू. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. माझ्यासारख्या पेशंटने तेवढे दिवस गृहीत धरू नयेत, असं स्पष्टच म्हणाले. ते दिवस मिळाले नाहीत तर समर्थचं काय, हे मी त्यांना विचारलं नाही, त्यांच्याकडे त्याचं औषध नाही.

झोप बसूनच घेते हल्ली. पाठीमागे तीन उशा लागतात. त्या समर्थ लावून देतो, आणि का लागतात ते विचारत नाही.

तिळगूळ खाल्ला. शेंगदाणे खरंच जास्त होते. लोभ कमी करू नकोस, एवढं लिहून थांबते.

मालिनीवहिनी

---

वेळणेश्वर
सोमवार, २७ जानेवारी २०२५

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तो का विचारत नाही, याचा तुम्ही विचार केलात का? विचारलं की त्याला काहीतरी दुसरंच सांगितलं जातं, हे त्याला ठाऊक झालंय. दादा मुंबईहून आठ वर्षं परत आलेले नाहीत, वहिनी. पोराला तेवढे वार मोजता येतात.

तोंडाने सांगवत नसेल तर सांगू नका. कागदावर काढा. सोळा वर्षांत त्या कागदावर काढलेलं एकदाही खोटं ठरलेलं नाही, असं तुम्हीच मला सांगत आलात. मग ऑपरेशनलाही त्याच्या वारात जागा द्या.

आम्ही इथे तयारीला लागलो आहोत. दोन रविवार झाले, मी आणि हे कागद घेऊन बसतो. ह्यांनी बादली काढली ती मला मोदकपात्र वाटली. मंगळवारपर्यंत आमचा आठवडा कोलमडतो, कारण भाजीचा टेम्पो त्याच्या मर्जीने येतो आणि हे चादर धुवायची म्हटलं की शेजाऱ्याकडे जातात. पण गेल्या बुधवारी जमलं. गोळ्यांचा डबा आणलाय. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि किती वेळ राहिली ते घड्याळात बघायचं, हे आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडून दोनदा समजून घेतलं. या वेळी मी नुसती उभी राहणार नाही.

आंब्याची वाट बघू नका. आंबा दर वर्षी येतो. लहान तोंडी मोठा घास घेतला, पण नातं जुनं आहे, ते एवढ्याने तुटायचं नाही असं धरून चालते.

तुमची,
चिमा

---

रत्नागिरी
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. चिमास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

ऑपरेशन गुरुवारी, २० तारखेला ठरलं. येत्या रविवारी समर्थला तुझ्याकडे सोडते आणि तिथूनच शुभंकरच्या गाडीने पुढे पुण्याला जाते.

काल चहा झाल्यावर पहिल्यांदाच दोन कागद घेतले. पहिला या आठवड्याचा, तो नेहमीसारखा झाला. दुसऱ्यावर रविवारी तुमचं घर काढलं, पुढे नारळी. त्याने ते ओळखलं. सोमवार, मंगळवार, बुधवार भरले. गुरुवारी खाट काढली आणि खाटेवर बाई. ती कोण, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी. मग सगळं सांगितलं, जमेल तसं. हृदयात एक दार आहे ते नीट उघडत नाही, म्हणून मला धाप लागते, ते बदलणार आहेत. दुखेल का, म्हणाला. झोपेचं औषध देतात, असं सांगितलं. तर लगेच विचारलं, मग तू उठशील का?

चिमा, इतक्या जणांना मी हे ऑपरेशन सांगितलं, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही डॉक्टरांना विचारला नव्हता. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात बहुतेक जण उठतात. बहुतेक म्हणजे किती, ते त्याने विचारलं नाही. मग म्हणाला की बाबा उठले नव्हते ना. मी हो म्हटलं. आठ वर्षांनी हो म्हटलं.

रात्री जेवला नाही. गोळी मात्र हात पुढे करून मागून घेतली.

आज सकाळी चादरी न सांगता भिजत घातल्या आणि मग तो दुसरा कागद घेऊन माझ्यापुढे आला. गुरुवारच्या घरात खाटेशेजारी मी सवयीने खिचडीचं पातेलंही काढलं होतं. ते त्याने खोडायला लावलं. त्या दिवशी आत्याला स्वयंपाकाचं काम द्यायचं नाही, मलाही काही द्यायचं नाही, आम्ही दोघं बसणार, असं म्हणाला. मी पातेलं खोडलं आणि दोन माणसं काढली, एक जाडी आणि एक उंच. जाडी तू. हसू नकोस, त्याने सांगितलं तसं काढलं.

तेव्हा गुरुवारी तुम्ही दोघं पडवीत बसा. रघुनाथरावांना म्हणावं, त्या दिवशीचं जेवण शेजारून आणा. दुपारनंतर शुभंकर फोन करील. जे असेल ते समर्थला तेव्हाच सांग, जसं असेल तसं.

तुझ्या हाती माझा जीव देऊन जाते आहे, त्याला आणखी लोभ कसला मागू!

तुझी,
मालिनीवहिनी