हंडा, त्याखाली नागमोडी रेघ

४ मार्च, सोमवार

आज मोठे भाऊजी उगवले! दारातूनच ओरडले, "आबा, ओळखलं का?" जशी काही वाचा गेली म्हणजे माणसाचे कानही गेले. सासऱ्यांना झटका आल्यापासून उजवी बाजू लुळी आहे, तोंडातून शब्द नाही. डाव्या हातात थोडा जोर आहे, पण एक बोट तेवढं नीट हलतं. त्या बोटाने चादरीवर गिरवत असतात. एक गोल, वर छोटीशी मान, आणि खाली नागमोडी रेघ. संपलं की परत पहिल्यापासून. मला वाटलं चाळा आहे.

भाऊजींनी ते पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच. "अरे, हे तर खाणीतल्या कातळावर कोरलंय! अगदी हेच! हंडा आहे हा, हंडा!"

दगडाच्या त्या खाणीत आबांनी जन्म काढला. यंत्रांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही, घरी येऊनही हातवारे करायचे, असं सासूबाई सांगायच्या. आता खाण बंद आहे, कातळ उरलाय. हंडा म्हटल्याबरोबर जाऊबाईंनी कान टवकारले. इतका वेळ नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या, तोही खाली आला.

चहा कुणी केला? मी.

५ मार्च, मंगळवार

लॉन्ड्रीत दिवसभर जगाच्या चादरी. हॉटेलच्या, दवाखान्याच्या. इस्त्रीच्या वाफेने मनगटं भाजलीत. घरी आलं की आबांच्या चादरी! म्हणून मी शिस्त लावली आहे. पाणी फक्त जेवताना, तेही चमच्याने. संध्याकाळनंतर थेंब नाही. बाटली खोलीतून हलवलीच. नाहीतर सकाळी गादीसकट सगळं धुवायचं, आणि धुवायला कोण येणार? मोठे भाऊजी?

८ मार्च, शुक्रवार

भाऊजींनी एक जाणकार धरून आणला. जुन्या खुणा वाचतो म्हणे. गळ्यात भिंग लटकतंय. नाव सांगितलं होतं, मी लक्षात ठेवलं नाही. माझ्यापुरते ते भिंगवाले. कातळाचे फोटो मोबाइलवर मोठे करकरून दाखवत होते.

"हा हंडा. ही नागमोडी रेघ म्हणजे साप. साप म्हणजे राखण. आणि राखण कशावर असते, ताई?"

"इथे राखण माझी आहे," मी म्हटलं. "आबांना झोपू द्या."

हसले! भाऊजीही हसले! तळपायाची आग मस्तकात गेली.

कातळावर एक बाणही आहे, खालच्या कपारीकडे तोंड केलेला. त्यावर भिंगवाले म्हणाले, "बाण कधी दिशा दाखवतो, कधी दिशाभूल करतो." वा! असं दोन्हीकडून बोललं की माणूस चुकायचाच नाही.

१० मार्च, रविवार

सकाळपासून आबांच्या उशाशी दरबार. भाऊजी कागद पुढे धरून, "आबा, कपारीच्या आत की बाहेर? आत असेल तर डोळे मिटा." आबांनी दमून डोळे मिटले. "बघा, आत!" जाऊबाई त्यांच्या बोटांत पेन्सिल कोंबत होत्या. आबांनी पुन्हा तेच काढलं. गोल, मान, रेघ. मग माझ्याकडे बघत राहिले. भाऊजींकडे नाही, माझ्याकडे. डोळे भरून आले त्यांचे. तर भाऊजींनी काय म्हणावं? "गुपित सांगताना माणूस हळवा होतोच."

डोक्यात अशी तिडीक गेली! एकेकाला खोलीबाहेर काढलं. पाठीमागून जाऊबाई, "हिला एकटीलाच कळून घ्यायचंय वाटतं." मला ऐकू यावं अशाच बेताने बोलल्या. लाज कशी वाटत नाही!

१३ मार्च, बुधवार

नर्स येऊन गेली. आबांचे ओठ फुटलेत, मलम लावा म्हणाली. लावलं. लगेच चाटून टाकलं त्यांनी! परत लावलं, परत चाटलं. आता आबांचं लहान मुलासारखं सुरू झालं. ओरडले मी.

१६ मार्च, शनिवार

आमच्या ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. उद्या खाणीत खणायला जाणार आहेत, भाऊजींबरोबर, पहार घेऊन!

"दादाला नाही म्हणवत नाही."

दादाला नाही म्हणवत नाही, बायकोला मात्र सहज म्हणवतं! आबांना कुशीवर वळवायला या म्हटलं की कंबर धरते. पहार उचलताना कुठे जाते ती कंबर?

"सापडलं तर तुझी लॉन्ड्री सुटेल," म्हणाले. क्षणभर मलाही सुटलेली दिसली. स्वतःचाच असा राग आला की भांडी आपटत बसले.

१७ मार्च, रविवार

सापडला. हंडा सापडला!

खरंच सापडला. आमचे हे सांगत होते, कपारीत दगड रचून, सावलीला नीट ठेवलेला. "काय गार जागा आहे ग ती! बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत गेल्यावर जिवात जीव आला." पत्र्याचा हंडा, बूड गंजून गेलेलं. आत माती. शेजारी पत्र्याचाच एक पेला. बस्स, एवढंच!

भिंगवाल्यांनी भिंग लावून मातीकडे पाहिलं. "हल्लीच कुणीतरी काढून नेलंय."

भाऊजींनी भिंगातून नाही, सरळ माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मग घरी येऊन तोंडाचा पट्टा सुटला. आबांच्या जवळ कोण असतं? खुणा आधी कुणाला कळल्या? "सेवा करता करता हात मारलात की!"

सेवा! मी म्हटलं, एक चादर धुतलीत का आजवर? एक? त्यांच्या अंगाखालची ओली चादर कशी काढतात, माहीत तरी आहे का? या ना, नेऊन ठेवा तुमच्याकडे, आज, आत्ता! भाऊजींनी खाणीतून आणलेला तो पेला अंगणात भिरकावला आणि "पुन्हा या घराची पायरी चढणार नाही" म्हणून निघून गेले. जाऊबाईंनी चपला घालता घालता नाक मुरडलं.

ह्यांनी आयुष्यात कुणाची काडी घेतली नाही. पायरीवर डोकं धरून बसलेत. दादा असं कसं बोलला, एवढंच म्हणतात.

आणि आबांनी सगळं ऐकलं. बोट थांबलं नव्हतं.

१८ मार्च, सोमवार

सकाळी अंगण झाडताना पेला हाताला लागला. फेकणारच होते. पण सवय मेली, नळाखाली धरून घासला. माती गेली. बुडाला खिळ्याने कोरलेलं होतं. हंडा, त्याखाली नागमोडी रेघ.

पेला भरून वाहायला लागला. मी पाण्याकडे बघतच राहिले.

तसाच घेऊन आत पळाले. आबांनी डाव्या हाताने पेला माझ्या हातासकट धरला, सोडेचनात. ठसका लागला, चादर भिजली, तरी पीत राहिले. मग हात चादरीवर ठेवला. बोट हललं नाही.

पाणी! पाणी मागत होते आबा, माझ्याकडे. आणि मी त्यांच्या ओठांना मलम लावत होते.