मंगलने सभेत विचारलं

मोखाडा, शुक्रवार संध्याकाळ

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गाला एका ग्रीक विचारवंताची गोष्ट सांगितली. तो भर बाजारात लोकांना प्रश्न विचारत फिरायचा. काल त्याच वर्गातल्या, पोशेरा गावच्या मंगलने आईबरोबर ग्रामसभेत जाऊन सरळ विचारलं, नळ बसवले, मग पाणी का येत नाही?

आज मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. “सरपंचांचा फोन होता. मुलींना असलं काही शिकवू नका.”

मग काय, नुसत्या व्याख्या पाठ करून घेऊ? नळाला पाणी नाही हे खरंच आहे ना? मी म्हणालो, “सर, नागरिकशास्त्र ते हेच. मी शिकवणारच.”

शाळा सुटल्यावर मंगल दारात उभी होती. “सर, माझ्यामुळं तुम्हाला बोलले ना? आय म्हणते, पुढच्या सभेत तीच इचारील.”