रिंगक्योबिंगला गेलेला रशियन शेवट

मी, वाल्बोर्ग यूलिए क्यॉर, वय वर्षे सत्तर, कै. लाउरिट्स क्यॉर, सुतार, यांची पत्नी, राहणार कोपनहेगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजारच्या ओटेसेनना शंका असेल तर त्यांनी तो वाचावा. मला कोणी धाक घातलेला नाही. लाडीगोडी मात्र भाची बोदिल गेल्या नाताळपासून लावते आहे, पण तिचा माझ्यावर परिणाम झालेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नसल्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

कलम पहिले. मला लाउरिट्सच्या शेजारी पुरावे, त्याच्या डाव्या हाताला. उजव्या कुशीवर तो घोरायचा. चर्चमध्ये रडके संगीत नको. तरुणपणी दर रविवारी थिएटरात पडद्यावर कोणी मेले की पियानोवाला जे कुंथत बसायचा, ते ऐकून माझे कान भरले आहेत. नंतर सगळ्यांना कॉफी आणि क्रीमचा थरांचा केक द्यावा. ओटेसेनच्या बायकोच्या अंत्यविधीला दिली तशी कोरडी बिस्किटे देऊ नयेत.

कलम दुसरे. बँकेत जे शिल्लक असेल ते बोदिलच्या दोन्ही मुलींना सारखे वाटावे. ताटवाट्या, पितळी कॉफीची किटली आणि माझा चांगला कोट बोदिलला. कोट तिला घट्ट होईल, हे तिलाही माहीत आहे.

कलम तिसरे. लाउरिट्सचे रंधे आणि पटाशा आमच्या बागवसाहतीच्या सभागृहाला द्याव्यात. मोठी करवत ओटेसेनना द्यावी. त्यांचे कुंपणाचे झाड नऊ वर्षे माझ्या बटाट्यांवर सावली धरून उभे आहे. आता तरी ते कापावे.

कलम चौथे. माझ्या कपाटात चॉकलेटच्या पत्र्याच्या डब्यात फिल्मचा एक तुकडा आहे. तो चित्रपटांच्या संग्रहालयाला द्यावा आणि तोवर शेगडीपासून लांब ठेवावा. ती जुनी फिल्म दारूसारखी पेटते. हा तुकडा काय आहे ते लिहायला हवे, नाहीतर तिथली शिकलेली मुले त्याचा भलताच अर्थ लावतील.

मी एकविसाव्या वर्षी एका चित्रपट कंपनीत जोडकामाला लागले. तेव्हाचे मूकपट नुसते काळेपांढरे नसायचे. रात्रीचे प्रसंग निळ्या रंगात बुडवलेले, दिव्याच्या उजेडातले पिवळे, आगीचे लाल. हे रंगीत तुकडे आम्ही मुली प्रत्येक प्रतीसाठी हाताने जोडायचो: पात्याने खरवडायचे, डिंक लावायचा, दाबायचे आणि दहा आकडे मोजायचे. रशियात जाणाऱ्या प्रतींना शेवट वेगळा असायचा. रशियन प्रेक्षकाला गोड शेवट दाखवला तर त्याला फसवल्यासारखे वाटते, असे आमचे साहेब सांगायचे. म्हणून एकाच चित्रपटाचे दोन शेवट काढायचे. आमच्यासाठी लग्न, रशियासाठी प्रेत.

१९१२ मध्ये एक चित्रपट होता, दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीचा. वादळात ती खडकावर अडकते. आपल्या शेवटात होडी वेळेवर पोचते. रशियाच्या शेवटात होडी पोचते तेव्हा नुसती शाल तरंगत असते. डब्यातला तुकडा त्या शालीचा आहे.

कलम पाचवे. वसाहतीतली माझी बाग आणि तिच्यातले लाकडी घर, सफरचंदाच्या दोन्ही झाडांसह, मी दाग्मार होल्क हिला देत आहे. दाग्मार माझ्यापासून चार बागा पलीकडे राहते आणि दर रविवारी माझ्याकडे कॉफीला येते. तिच्या छपराला तीन ठिकाणी गळती आहे. बोदिल, तू हे वाचून "मावशीला वेड लागलं" म्हणशील. आधी पुढचे वाच.

दाग्मार आणि मी एका टेबलावर जोडकाम करत होतो. ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचा हात माझ्याहून चांगला होता. कामाच्या चिठ्ठीवर प्रत कुठे जाणार त्याचे फक्त पहिले अक्षर असायचे आणि काम करणारीने खाली आपली खूण करायची. त्या दिवशी माझ्यासमोर "र" लिहिलेली चिठ्ठी आली. मी सरळ रशियाचा शेवट जोडला. मनात लाउंड्रीत टाकलेल्या माझ्या निळ्या ब्लाउजचा विचार चालला होता, म्हणून खूण करायचीही राहिली. ती प्रत रशियाची नव्हती. ती रिंगक्योबिंगची होती.

रिंगक्योबिंग म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचे गाव. तिथे ज्यातले कोणी समुद्रात बुडाले नाही असे घर सापडायचे नाही. त्या लोकांनी पंचवीस ओर मोजून होडी वेळेवर पोचलेली बघायला गर्दी केली आणि आम्ही त्यांना शाल दाखवली. एक बाई थिएटरातच बेशुद्ध पडली. मालकाने पुढचे चार चित्रपट परत पाठवले.

आमचे मुकादम ब्रांडस्ट्रुप यांनी ती चिठ्ठी आमच्या टेबलावर आपटली. "कोणाचं काम हे?" मी मूग गिळून बसले. माझी आई तेव्हा अंथरुणावर होती, हे खरे आहे, पण मी त्या क्षणी आईचा विचार करत नव्हते. मी फक्त घाबरले होते. दाग्मार म्हणाली, "माझं नाही, साहेब." त्या आठवड्यात ती दोनदा उशिरा आली होती. साहेब म्हणाले, "उशिरा येणारीचं लक्ष कुठे असतं ते मला माहीत आहे." त्यांनी हजेरीच्या वहीतून तिचे नाव खोडले आणि ती टोपी घालून निघून गेली. मग तिने तीस वर्षे लाउंड्रीत चादरी पिळल्या.

पुढचे लिहायला मला जास्त लाज वाटते, कारण ते गोड आहे. रिंगक्योबिंगहून एका सुताराचे संतापाचे पत्र आले: "तुम्ही त्या पोरीला का मारलंत? तिनं तुमचं काय घोडं मारलं होतं?" माझे अक्षर चांगले म्हणून उत्तर लिहायला साहेबांनी मला बसवले. मी लिहिले की पोरगी सुखरूप आहे, कोपनहेगनला येऊन डोळ्यांनी बघा. तो खरंच आला. चित्रपट बघितला, होडी पोचली तेव्हा हातरुमाल काढला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बाई, तुम्ही शब्दाला पक्क्या दिसता." त्या सुताराशी मी एक्केचाळीस वर्षे संसार केला. आम्ही भांडलो तेही मजेत. माझ्या चुकीचे फळ मला मिळाले आणि शिक्षा दाग्मारला झाली.

लाउरिट्सला मी हे कधी सांगितले नाही. आता मी गेल्यावर हे वाचून दाखवावे आणि बागेची किल्ली दाग्मारच्या हातात द्यावी. वकील ट्वेदे यांनी बजावले आहे की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. तेव्हा दाग्मारची सही घेऊ नये.

इथवर मी तीन तारखेला लिहिले होते. ट्वेदेसाहेब म्हणाले, पुढे बदल झाला तर सगळे स्वच्छ पुन्हा लिहा. मी म्हटले, साहेब, अर्धे आयुष्य कापाकापीत गेले, आता जे आहे ते सलग राहू द्या. म्हणून पुढचे इथेच जोडते.

दहा तारखेला रविवारी दाग्मार नेहमीसारखी कॉफीला आली, पण अर्धा तास उशिरा. म्हणाली, "अगं, वाटेतून परत गेले. गॅस बंद केलाय की नाही, आठवेना."

"आणि?"

"बंदच होता. तिन्ही वेळा बंद होता."

मी हसले. तिचे हे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. मग ती साखर ढवळत म्हणाली, "हसू नकोस. माझ्या हातांचा भरवसा नाही मला. आधी वाटायचं, ती चिठ्ठी माझी नव्हती. पण सगळे म्हणतात म्हटल्यावर आपलीच असणार. मीच बुडवली ती पोरगी. मला आठवतसुद्धा नाही, बघ."

हे मला ठाऊक नव्हते. मला वाटत होते की ती साहेबांना शिव्या देत असेल. ती इतकी वर्षे स्वतःलाच देत होती. मग मेल्यावर वाचायचे हे कागद मी त्याच वेळी उठून तिच्यासमोर ठेवले.

तिने पाचवे कलम दोनदा वाचले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "एकोणपन्नास वर्षं मी गॅस तीनतीनदा बघतेय, वाल्बोर्ग!"

"हो."

"दर रविवारी तुझा केक खाल्ला मी. आणि वर म्हणायचे, वाल्बोर्गचं मन किती मोठं!"

"दाग्मार, बाग तुझ्या नावाने..."

"चुलीत घाल तुझी बाग. मेल्यावर काय, कोणीही देतं. तेव्हा तोंड उघडलं नाहीस ना? आता उघड. सगळ्यांसमोर."

ती केक तसाच टाकून गेली. पुढचे सहा दिवस तिच्या खिडकीचा पडदा मला बघून ओढला गेला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले की ही बाई परत यायची नाही, आणि चूक माझीच असेल.

सतरा तारखेला वसाहतीच्या सभागृहात सफरचंदांची सभा होती. तीसेक माणसे होती, दाग्मार दाराजवळ बसली होती. मी उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, खतांचा विषय संपला." मी म्हटले, "माझा विषय जुना आहे, बसा." आणि सगळे सांगितले: चिठ्ठी, अक्षर, साहेब, माझे गप्प बसणे. ओटेसेननी कानातल्या यंत्राचा आवाज मोठा केला. बोदिल लेकींना घेऊन आली होती, ती म्हणाली, "मावशी, अगं काय हे!" शेवटी मी म्हटले, "दाग्मार होल्कने कधीही चुकीचा जोड लावला नाही. तो जोड माझा होता." बसल्यावर मला इतके हलके वाटले की मी दोन केक खाल्ले.

आज दाग्मार आली. ओल्या चपला दाराशी काढल्या आणि म्हणाली, "कुठाय तो कागद? साक्षीदार लागतो ना?"

मी म्हटले, "तू सही केलीस तर बाग जाईल. कायदा आहे."

"माहीत आहे. वाचता येतं मला. बाग बोदिलला दे, तिला दोन पोरी आहेत. छपराचं मी बघते."

"छपरासाठी तरी घे गं."

"तू ना, वाल्बोर्ग, अजूनही मला काहीतरी देऊन गप्प करायला बघतेस. मला काही घ्यायचं नाहीये, माझं नाव लिहायचंय. पेन दे."

म्हणून पाचव्या कलमातली देणगी मी रद्द करते. बाग, घर आणि दोन्ही झाडे बोदिलला. त्याच कलमातले बाकीचे सगळे मात्र तसेच राहील, कारण ते खरे आहे. मला जगात कोणाला काही सांगायचे आता उरलेले नाही. मी सुखात आहे आणि मरायची मला घाई नाही.

वरील मजकूर माझा आहे. खाली नावे लिहिलेल्या दोघांसमोर, दोघे एकाच वेळी हजर असताना, मी सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

कोपनहेगन, १९ सप्टेंबर १९६१

(सही) वाल्बोर्ग यूलिए क्यॉर

साक्षीदार:

(सही) एयनार ओटेसेन, व्यवसाय: निवृत्त ट्रामचालक. कुंपणाबद्दलचा मजकूर मला मान्य नाही. सही केल्यामुळे करवत गेली तरी चालेल.

(सही) दाग्मार होल्क, व्यवसाय: फिल्म जोडणारी.